दोन बोटं खाली

मन्मथअप्पांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे फक्त पाय दिसले. लोहाऱ्यात, तेलाच्या गिरणीसमोर, एका जुन्या काळ्या मोटारीखालून ते बाहेर आले होते. बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस. मी बेलवाडीच्या शाळेत नव्यानं लागलेली मास्तरीण, आणि त्याच शाळेतल्या गिरिजाबाईंचं घर शोधत आले होते. आसपास दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी पायांनाच विचारलं, "गिरिजाबाई इथंच राहतात का?"

"इथंच," मोटारीखालून आवाज आला. "तुमी नव्या कांबळेबाई का?"

"हो."

"बरं झालं आलात. जरा थांबा."

ते सरपटत बाहेर आले. कपाळावरच्या विभूतीच्या पट्ट्यांत काळं ऑइल मिसळलं होतं. त्यांनी घरातून एक चाकं लावलेली बुटकी लाकडी खुर्ची ओढत आणली आणि मोटारीच्या उघड्या दाराशी लावली.

"बाई, एक काम करता का? ह्या खुर्चीवर बसा, आन् तिथून आतल्या सीटवर सरका. पण पायाला जोर द्यायचा न्हाय. पाय न्हाईतच असं समजायचं."

घरातून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "नव्या माणसाला आल्या आल्या हे काय सांगता हो? आधी पाणी तरी विचारा."

"पाणी देतो की. एकदा बसू तर द्या त्यांना."

मी बसले. हातांवर अंग उचलून पाहिलं. दाराखालच्या पत्र्याच्या उंबऱ्यापर्यंतसुद्धा पोचले नाही. अप्पांनी खुर्चीची फळी आणि तो उंबरा यांच्यामधल्या उंचीत आपली बोटं आडवी धरली, काहीतरी पुटपुटले आणि पुन्हा मोटारीखाली गेले. मी कुणाच्या घरी आलेय याचा तोवर त्यांना विसर पडला होता.

आत गिरिजाबाई जमिनीवर बसून पाचवीच्या वह्या तपासत होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांनी स्वतःच्या तांब्यातून मला पाणी दिलं. त्या काळी, त्या गल्लीत, ती गोष्ट माझ्यासारखीच्या लक्षात राहण्याजोगी होती. म्हणाल्या, "रोज आमच्यासंगंच चला शाळेला. गाडीत मागं जागा आहे. फक्त ह्यांच्या नादी लागू नका."

अक्कांच्या मणक्याला आजार झाला होता. सोलापूरला बरेच महिने झोपून काढले, पण कमरेखालचं गेलं ते परत आलं नाही. नोकरी सोडा, असं सगळ्यांनी सांगितलं. त्या ऐकेनात. अप्पांनी बदली होऊन चाललेल्या एका डॉक्टरची ही मोटार घेतली, गाडी चालवायला शिकले, आणि रोज सकाळी अक्कांना बेलवाडीला नेऊ-आणू लागले. दुष्काळात करडई नव्हती, शेंगा नव्हत्या, त्यामुळं गिरणी तशीही बंदच असायची.

अडचण एकच होती. अक्का कुणाला उचलू द्यायच्या नाहीत. घरात त्या हातांवर सरकत, खुर्चीवर स्वतः चढत, गाडीतही स्वतःच जायचं म्हणत. साखर कारखान्याच्या संचालक मंडळातले एक गृहस्थ गिरणीवर आले होते. ते चांगल्या मनानं म्हणाले, "बाई, माझी जीप पाठवतो रोज. दोन गडी तुम्हाला वर चढवतील, दोन उतरवतील."

अक्का म्हणाल्या, "मी पोतं न्हाय, साहेब."

ते गृहस्थ चहा न घेताच गेले.

उंच खुर्ची करून झाली होती. शाळेसमोरच्या खडबडीत जागेत ती उलटली आणि अक्का पोरांदेखत पडल्या. तेव्हापासून खुर्ची बुटकीच ठेवायची असं ठरलं. मग उरली गाडी. अप्पांनी सुताराकडून पुढची सीट काढून फळी बसवून घेतली. त्यानं सीट खाली गेली, पण उंबरा होता तिथंच राहिला. अप्पा म्हणायचे, "घराचा उंबरा छिलता येतो. गाडीचा छिलला तर गाडीच ऱ्हात न्हाय. मग गाडीच खाली आणली पायजे."

त्यांना मोटारीतलं काही कळत नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं लोक त्यांना मोठा जाणकार समजू लागले. अप्पा तेलातले माणूस. घाण्याचा आवाज ऐकून पेंड कोरडी झाली का ते सांगायचे. मोटारीत मात्र एक चूक करून दुसरी शिकायचे, आणि दुसरी करून तिसरी.

उमरग्याला हमरस्त्यावर रज्जाक मिस्त्री होते. एका रविवारी अप्पा त्यांच्याकडं निघाले. मला उमरग्याहून घरी जायची एसटी धरायची होती, म्हणून मी गाडीत होते. रज्जाकमियांनी उकिडवं बसून शांतपणे समजावलं.

"अप्पा, गाडी खाली आणायच्या दोनच वाटा. स्प्रिंगचे पाटे कमी केले तर गाडी चाकावर बसती, पण टायर मडगार्डला घासतो. चाकं बारीक घातली तर घासत न्हाय, पण मग समदी गाडीच जमिनीजवळ जाती. इंजनाखाली ऑइलचं चेंबर हाय. ते दगडाला लागलं की ऑइल खलास, गाडी खलास. ह्यातली एक वाट घ्या. दोन्ही संभाळणारी वाट अपने पास नहीं."

"दोन्हीतलं थोडं थोडं घेतलं तर?"

"तो दोनों का थोडा थोडा नुकसान होगा," मिस्त्री म्हणाले.

अप्पांनी दोन्हीतलं थोडं थोडं घेतलं.

आधी मागच्या पाट्यांतला एकेक पाटा काढला आणि पुढच्या स्प्रिंगचा वेढा कापला. गाडी खाली बसली. अक्का खुश झाल्या. दुसऱ्या दिवशी मी आणि शाळेतले एक थोराड मास्तर मागं बसलो, आणि गावाबाहेर पडायच्या आत रबर जळाल्याचा वास आला. टायर मडगार्डला लागून सोलला होता. तेव्हापासून गाडीत बसणाऱ्याला अप्पा आधी वजन विचारायचे. मास्तरांनी रागानं सायकल घेतली. मी तेव्हा काडीसारखी होते, म्हणून माझी जागा टिकली.

मग बारीक चाकांचा शोध सुरू झाला. गाडीची मूळ चाकं चौदा नंबरची. तेरा घ्यावीत की बारा, टायर रुंद घ्यावा की अरुंद, यावर अप्पा येईल त्याच्याशी बोलायचे. रुंद टायर वळणावर मडगार्डला लागतो. अरुंद टायर सैल खडीत रुततो. ठेंगणा टायर घेतला तर अक्कांना दोन बोटं मिळतात, पण तीच दोन बोटं चेंबरच्या खालून जातात. "देवानं एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घ्यावं, तसं हाय हे," ते म्हणायचे. खरेदी-विक्री संघात टायर यायचे ते ट्रॅक्टरचे आणि ट्रकचे. तिथला मॅनेजर अप्पांना लांबून पाहिलं की आतल्या खोलीत जायचा.

शेवटी सोलापूरच्या भंगार बाजारातून त्यांनी तेरा नंबरची चार चाकं आणली, एसटीच्या टपावर टाकून. उंची मोजली होती, रुंदी मोजली होती, टायर नवे घेतले होते. दारापुढच्या रस्त्यात चाक लावायला बसले आणि बराच वेळ नुसते बसूनच राहिले. मी विचारलं, "काय झालं, अप्पा?"

"भोकं," ते म्हणाले.

चाकाला बोल्टची जी भोकं असतात, ती जुळत नव्हती. सगळं मोजलं आणि तेवढंच राहिलं. अक्का दाराशी बसून इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अप्पा थोडा वेळ रागावून बघत होते, मग तेही हसायला लागले. दोघं कानडीत काहीतरी बोलले आणि पुन्हा हसले. दोघांचं आपसातलं बोलणं कानडीतच असायचं. माझ्या कानांना त्यातलं एवढंच कळायचं, की ह्या घरात भांडण फार नाही.

पुढल्या खेपेला चाकं जुळली. गाडी खरंच खाली आली. अक्का खुर्चीवरून हातांवर अंग उचलून घ्यायच्या, एक झोका, आणि आत. तो झोका घेताना अप्पा तोंड फिरवून उभे राहायचे. मदतीला हात पुढं येईल या भीतीनं ते दोन्ही हात पाठीमागं बांधायचे. आत बसल्याचा आवाज आला, की वळायचे.

बारीक चाकांनी एक गंमत केली होती. वेगाचा काटा उगाच जास्त दाखवायचा. अक्का काट्याकडं बघून म्हणायच्या, "चाळीसनं चाललोय म्हणे आपण. आणि तो सायकलवाला पुढं गेला."

"त्याला घाई आसंल," अप्पा म्हणायचे.

त्या वर्षी बेलवाडीच्या सडकेवर दुष्काळी काम निघालं. सडक चांगली होणार म्हणून आम्हाला आनंद झाला. खडी फोडली, पसरली. पण खडी दाबायला रोलर फिरवायचा, तर पाणी मारावं लागतं. माणसांना प्यायला नव्हतं, सडकेला कुठून येणार? खडी तशीच सुटी पडून राहिली, टोकदार, नारळाएवढी. बैलगाडीनं काही बिघडत नव्हतं, जीपला काही वाटत नव्हतं. आमची गाडी तेवढी पोट घासत जायची. एकेका दगडाचा आवाज पायाखालच्या पत्र्यातून यायचा, आणि प्रत्येक आवाजाला अप्पा दात आवळायचे. मिस्त्रींनी चेंबरखाली लोखंडी पत्रा ठोकून दिला. त्यानं चेंबर वाचलं, पण पत्र्याच्या जाडीनं गाडी आणखी खाली गेली आणि आणखी घासू लागली.

कामावरच्या बाया आमच्याच शाळेतल्या पोरांच्या आया होत्या. गाडी दिसली की त्या म्हणायच्या, "बाईंची गाडी आली," आणि हातातलं काम ठेवून पायांनी, हातांनी दगड बाजूला सारायच्या. गाडीपुरती वाट व्हायची. अप्पा गाडी थांबवून हात जोडायचे. पुढं गेल्यावर म्हणायचे, "दिवसभर दगडच उचलायलेत बिचाऱ्या. आन् आमच्यापायी पुन्हा वाकायचं."

दुष्काळ सरला, रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी बंद झाली, गिरणी पुन्हा सुरू झाली. मी लग्न होऊन लोहाऱ्यातच राहिले. सडक मात्र तशीच. दर पावसाळ्यात थोडी खडी रुतायची, दर उन्हाळ्यात वर यायची.

आणि अक्कांचं दुखणं वर सरकू लागलं. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. फळ्यावर लिहिताना खडू हातातून सुटायचा. मग झोका अपुरा पडायला लागला. उंबऱ्यावर अडकून त्या तशाच अर्धवट राहायच्या आणि पुन्हा खुर्चीवर यायच्या. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. अप्पा पाठमोरे उभे असायचे, आणि आत बसल्याचा आवाज येत नसायचा.

सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "थांबलं तर थांबेल. आपल्या हातात काही नाही." अप्पांनी घरी येऊन ते कुणाला सांगितलं नाही. ते गाडीखाली गेले. अजून एक पाटा निघाला. तेराची चाकं जाऊन बाराची आली. मडगार्डच्या कडा ठोकून वर वळवल्या. रज्जाक मिस्त्री हात जोडून म्हणाले, "अप्पा, अब बस. ह्याच्या खाली फक्त जमीन हाय."

"दोन बोटं तरी निघतील, मियां. बघा जरा."

"दोन बोटं काढतो. सहा महिन्यांनी पुन्हा याल. मंग कुठून काढू?"

तरी मिस्त्रींनी पाना हातात घेतला.

शाळेचा निकाल लावून आम्ही परतत होतो. वैशाखातली दुपार होती. अर्ध्या वाटेवर खालून मोठा आवाज झाला आणि गाडी एकदा उचलल्यासारखी होऊन थांबली. अप्पा उतरले, वाकले, आणि मी त्यांच्या चेहऱ्यावरून समजले. पत्रा फाटून दगड चेंबरमध्ये घुसला होता. काळं ऑइल खडीवरून ओघळत होतं. अप्पांनी ओंजळ लावली. का लावली कुणास ठाऊक. बोटांतून ते गळून गेलं.

सावली नव्हती. गाडीचा पत्रा तापला होता. लोहारा लांब, बेलवाडीही लांब. अप्पा धोतराचा सोगा भिजवून अक्कांच्या डोक्यावर ठेवायला पाणी शोधत होते, पण बरणीत घोटभरच उरलं होतं. ते अक्कांनी मला प्यायला लावलं, कारण मला तेव्हा दिवस गेले होते.

उन्हं कलली तेव्हा कडब्याची गाडी घेऊन एक म्हातारे आले. त्यांनी न विचारताच थोडा कडबा उतरवून जागा केली आणि म्हणाले, "बसा. सोडतो लोहाऱ्याला."

बैलगाडीची साटी, ती वरची बैठक, अप्पांच्या छातीला लागत होती. अक्कांनी तिच्याकडं पाहिलं. मग आपल्या हातांकडं पाहिलं. म्हातारे बैलांच्या माना खाजवत उभे राहिले.

"अहो," अक्का म्हणाल्या, "उचला मला."

अप्पा ऐकलं नाही असे उभे होते.

"उचला म्हणते ना. पाय कांबळेबाई धरतील."

मी पुढं झाले, तर त्या म्हाताऱ्यांनी मला थांबवलं. "तू नको पोरी, ह्या दिसांत." त्यांनी स्वतः पाय धरले. अप्पांनी अक्कांच्या खांद्याखाली हात घातले. इतकी वर्षं संसार करून, चारचौघांत त्यांनी बायकोला हात लावला नव्हता. अक्का वर गेल्या. अप्पांच्या चेहऱ्यावर मला ओझं दिसलं नाही, आश्चर्य दिसलं. अक्का किती हलक्या झाल्यात, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं.

बैलगाडीत अक्का अप्पांना कानडीत काहीतरी म्हणाल्या. अप्पा "हूं" म्हणाले. पुढं वर्षानुवर्षं भेटत राहिलो, पण काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

काळी मोटार दुरुस्त होऊन आली तेव्हा अक्कांनी सांगितलं, "आता ती पहिल्यासारखी करा. मोठी चाकं घाला."

"म्हंजे?" अप्पा म्हणाले.

"म्हणजे तुम्ही उचलायचं आणि मी शाळेला जायचं. गाडी मोडून घरी बसण्यापेक्षा ते बरं."

"तुमाला चालंल?"

"न चालून कुणाला सांगू?"

पाटे परत बसले, चौदाची चाकं परत आली. शाळा सुरू झाल्याच्या पहिल्या दिवशी अप्पांनी अक्कांना पोरांसमोर उचलून उतरवलं. आवारातला खेळ थांबला. आठवडाभरात पोरांना सवय झाली. गाडी आली की दोघं जण खुर्ची आणायचे, एक जण दार धरायचा, आणि कोण दार धरणार यावरून भांडणं व्हायची. अक्काही उचलून घेताना पोरांना पाढे विचारायला लागल्या. सवय झाली नाही ती अप्पांना. ते दर वेळी मान दुसरीकडं वळवून उचलायचे. एकदा मला म्हणाले, "बाई, मी गाडी अजून खाली आणायला पायजे होती, ते मला न्हाय जमलं." मी म्हटलं, "अप्पा, सडकच तशी, तुम्ही काय करणार?" त्यांनी मान डोलवली. त्यांना ते पटलं नव्हतं.

अक्कांनी अशी आणखी थोडी वर्षं शिकवलं. हात गेले तेव्हा त्या तोंडी शिकवायच्या आणि फळ्यावर पोरं लिहायची. मग श्वास अपुरा पडू लागला आणि घरीच राहिल्या. माझी बदली भूम तालुक्यात ईट गावी झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा अप्पा त्यांना चमच्यानं आंबील भरवत होते, आणि अक्का मधेच थांबून गल्लीतल्या एका पोराचा उच्चार सुधारत होत्या.

त्या गेल्याचं कळलं तेव्हा मी मिळेल त्या एसटीनं, गाड्या बदलत लोहाऱ्याला पोचले. लिंगायतांत माणसाला बसवून नेतात. अक्कांना लाकडी मखरात बसवलं होतं, कपाळी विभूती, गळ्यात फुलांच्या माळा, मान मागच्या फळीला नीट टेकवलेली. बेलवाडीची बरीच मंडळी आली होती. पुढं जंगम पुरोहित मंत्र म्हणत होते. चौघांनी मखराचे दांडे खांद्यावर घेतले आणि अक्का सगळ्यांच्या डोक्यांवर गेल्या.

अप्पांनी मागच्या एका गड्याला हळूच बाजूला केलं आणि दांड्याखाली आपला खांदा दिला. मखर त्या बाजूला कललं. अक्कांची मान फळीवरून घसरली. दोघांतिघांनी वर हात करून ती सावरली. अप्पा बुटके आहेत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. इतकी वर्षं त्यांना बहुतेक वेळा स्टीअरिंगवर पाहिलेलं, नाहीतर वाकलेलं, नाहीतर जमिनीवर पडलेलं. ते टाचा उचलून बघत होते. तरी दांडा खांद्याला टेकेना.

"अप्पा, ऱ्हाऊ द्या," कुणीतरी मायेनं म्हणालं. "तुमी नुसतं संगं चला."

बाजूला केलेला उंच गडी पुन्हा आपल्या जागी आला. मखर सरळ झालं, लोक चालू लागले. मी वेशीपाशी थांबले. अप्पा मखराच्या बाजूनं चालत होते, एक हात वर करून, दांड्याला नुसती बोटं लावून. ती पोचत नव्हती तेव्हा ते दोन पावलं पळायचे आणि पुन्हा लावायचे.